वरच्या घराची पाटी

सोमवारी पाटी भिंगरीच्या घरी येणार होती, म्हणून तिने रविवारपासूनच घर डोक्यावर घेतलं होतं. गाद्या उन्हात टाकून झाल्या, रजयांच्या खोळी दोनदा बदलून झाल्या, पाहुण्यांच्या खोलीची काच तर तिने इतकी लख्ख पुसली की एक पाखरू येऊन त्या काचेवर आपटलं आणि रागारागाने उडून गेलं. पायाला कायम भिंगरी, म्हणून अख्खं गाव तिला भिंगरीच म्हणायचं. पंधरावं सरत आलं तरी पाय थांबले नव्हते. उलट गेल्या सुट्टीत पाहुण्यांना बिबट्याचे ठसे दाखवायला मिळाल्यापासून तोंडही सुटलं होतं.

गावात घरं नऊ. बर्फाळ डोंगराच्या अंगावर, पायऱ्या रचाव्यात तशी एकावर एक. पूर्वी बिबट्या गोठ्यात शिरून शेळ्या मारायचा आणि गाव त्याच्यासाठी फास लावायचं. आता त्यालाच बघायला दुरून लोक यायचे, गावात राहायचे, आणि त्यांच्या जिवावर गोठ्यांना वरून पक्की जाळी बसली होती. बिबट्याही जगला, शेळ्याही जगल्या. पाहुणा कुणाकडे उतरणार यावरून डोकी फुटू नयेत म्हणून मास्तरांनी एक लाकडी पाटी करून घेतली होती. ज्या दाराला पाटी, त्या घरी पाहुणा. तो गेला की पाटी वरच्या घरी. सगळ्यात वर पोचली की पुन्हा तळाच्या, म्हणजे भिंगरीच्या घरी.

घोळ होता तो सगळ्यात वरच्या घराचा. तिथली माणसं चार वर्षांपूर्वी दाराला आडवी फळी ठोकून निघून गेली होती. पण मास्तर हट्टी.

"नंबर तो नंबर," ते म्हणायचे. "माणसं गेली म्हणून घराचा मान जात नाही. पाटी त्या दाराला टेकवायची आणि लगेच खाली आणायची."

टेकवून आणायचं काम भिंगरीकडे आलं होतं. आणि आईचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या नंबराला त्यांचा पाहुणा आजारी पडला आणि आलाच नाही. लागोपाठ दोनदा पाहुणा चुकला की घराचं नाव यादीतून कमी, असा गावाच्या पाहुणे-समितीचा नियम. नाव गेलं तर घर बंद करून शहरात मामाकडे जायचं, हे आईने चुलीपुढे बसून स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"मी नाही येणार मामाकडे. मामी मला जेवतानासुद्धा 'सरळ बस' म्हणते."

"मग सरळ जा आणि सरळ ये," आई म्हणाली. "वाटेत कुत्र्यामांजरांशी गप्पा मारत बसू नकोस. दुपारी पाहुणीबाई येतायत."

सोमवारी भिंगरी वर गेली. दाराला पाटी टेकवली. आता लगेच निघायचं, एवढंच तर करायचं होतं. पण तेवढ्यात तिला ठसे दिसले. पातळ बर्फात, ताजे, तळहाताएवढे. दिसले ठसे की हिचे हात शिवशिवायचे. मोजमापाला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने पाटी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि माग काढत निघाली. ठसे घराला वळसा घालून पुन्हा दाराशी आले. तिथे संपले. परत फिरल्याची खूण नाही. फळी जागच्या जागी. ती छपरावर बघून आली, भिंतीवर बघून आली, आणि मग खालून जीपचा भोंगा ऐकून धूम पळत सुटली.

घरी पोचली तेव्हा आईने तिच्या हातांकडे पाहिलं.

"पाटी?"

भिंगरीने जीभ चावली.

"आणते! हा गेले, हा आले!"

"आधी दम खा. तू वर जाशील आणि त्या इकडे येऊन दार शोधत बसतील."

त्या आल्याच नाहीत. ताटं वाढली, झाकली, निवली. तास झाला. मग मास्तर काठी टेकत वरून उतरले.

"काय गं, जेवण झालं का बाईंचं?"

"आल्या कुठे?"

"अगं, माझ्या अंगणातून वर गेल्या की, हसत-हसत. कुणाशी तरी बोलत होत्या. मला वाटलं, तूच पुढे चालतेयस."

आईचा चेहरा बघवेना. भिंगरी तशीच वर पळत सुटली.

वरच्या घराचं दार उघडं होतं. फळी नव्हती. चौकटीवर तिने बोटं फिरवून पाहिली. खिळ्यांची भोकंसुद्धा नव्हती.

आत शेगडी धगधगत होती. पाहुणीबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या, हातात वाफाळती वाटी. दोरीवर त्यांचे मोजे वाळत होते. पाटी उशाशी.

"ये ना, ये! बाहेर का उभी?"

"बाई, तुमचा नंबर आमच्याकडे आहे. खाली, पहिलं घर. चूक माझी झाली. आई जेवायची थांबलीय तुमच्यासाठी."

"तुमच्याकडे?" बाई हसल्या. "अगं, आज तिसरा दिवस माझा इथला. ताईंनी दोनदा बिबट्या दाखवला. या खिडकीशी येऊन बसतो, घरच्या मांजरासारखा."

"तिसरा? तुम्ही आत्ता दुपारी आलात. कोण ताई?"

आतल्या खोलीत कुणीतरी भांडं खाली ठेवलं. हळूच.

भिंगरीची नजर भिंतीवर गेली. कोळशाने काढलेले नऊ चौकोन, एकावर एक. वरचा मोकळा. बाकी आठांवर फुल्या. तळाच्या चौकोनावरची फुली ताजी होती. कोळशाची भुकटी अजून भिंतीवरून घरंगळत होती.

"कोण आलंय हो?" आतून बायकी आवाज आला.

"मुलगी आहे एक. खालच्या घरातली म्हणते."

आतून पुन्हा तोच आवाज आला.

"खाली कुठे कोण राहतं आता?"

आवाजात राग नव्हता. कीव होती.

भिंगरीने खिडकीतून खाली पाहिलं. खालच्या आठ घरांचा उतार नीट दिसत होता. एकाही छपरावर धूर नव्हता. भिंगरीच्या घरावरही नाही. आणि आईने तर चूल पेटती ठेवली होती.

तिने पाटी उचलली. पाटी कोमट होती, कुणीतरी नुकती छातीशी धरून ठेवल्यासारखी.

"राहिली असतीस," बाई म्हणाल्या. "जागा आहे."

ती पळाली.

एकेक घर मागे पडत गेलं. तिने कुठल्याच दाराकडे पाहिलं नाही. मास्तरांना हाकही मारली नाही.

अंगण. पायरी. दार.

कडीला कुलूप होतं.

त्यांच्या घरात कुलूप कधी नव्हतंच. हे गंजलेलं होतं, भलंमोठं, आणि कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. तिने पाटी दाराला टेकवली आणि कुलूप दोन्ही हातांनी खेचलं. तळवे तांबूस झाले.

"आई! आई गं!"

"अगं, केवढ्यांदा ओरडतेस!" आतून आई म्हणाली, अगदी दाराशी येऊन. "ढकल की. उघडंच आहे."