रुख्मिणीच्या टोपलीतला माका

पितृपंधरवड्यातली दुपार. जुन्या अकोल्यात उद्धवपंत वकिलांच्या ओसरीवर त्यांचे शेतकरी स्नेही किसनराव पान जमवीत होते, तोच गोदाबाई उंबऱ्याशी येऊन मटकन बसली.

"पंत, माह्या पुंजारामाले फौजदारानं नेलं जी. त्यानंच बायकोले नदीत ढकललं म्हनते."

पंतांनी पाण्याचा गडवा पुढे केला. तो धरताना तिच्या बोटांची काळी टोकं दिसली. चुलीशी राबणारी बाई, किसनरावांनी मनात म्हटलं.

काल पहाटे सून रुख्मिणी सासऱ्याच्या श्राद्धाला माका आणायला मोर्णा नदीवर गेली होती. पाठोपाठ गेलेल्या गोदाबाईच्या हंबरड्यानं लोक धावले, तेव्हा पाण्यात प्रेत होतं आणि कोरड्या काठावर माक्यानं भरलेली टोपली.

"माका खुडून झालेला," चावडीवर फौजदार म्हणाला. "मग ती पाण्यात कशाला उतरेल? आणि नवरा तिथंच भटकत होता."

कोठडीत पुंजारामनं गज धरले. हात नुसते मातकट. "मी तिले हुडकून राहिलो होतो जी. लेकरू तापानं गेलं तवा मी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीले होतो. तेजी होती ना! तवापासून ती माह्याशी बोललीच नाई."

प्रेताला न्हाऊ घातलं होतं शेजारच्या तानुबाईनं. "हात?" ती म्हणाली. "गोरेपान होते, दादा. मुठीत लेकराचं टोपडं होतं. सुटता सुटेना."

मग दोघे नदीवर गेले. पंत काठाशी वाकले. ओलीत माका पसरला होता. खरखरीत पानं, चिमुकली पांढरी फुलं. पंतांनी भिंग काढलं. "हे एक फूल नाही, किसनराव. कडेची एकेक पाकळी म्हणजे वेगळं फूल, मधे तर दाटीच."

"पोरगं फासावर चाललं अन् तुमी फुलं पाहून राहिले?"

पंत पानं चुरगाळीत चालत राहिले. गोदाबाईच्या दारी त्यांनी अंगठा पुढे केला. नदीवर हिरवा झालेला अंगठा आता काळा पडला होता.

"माक्याचा रस अंगावर वाळला की काळा होतो आणि धुतल्यानं जात नाही. टोपलीभर माका खुडणारीचे हात गोरे कसे? पुंजारामाच्याही हाताला डाग नाही. माका तुम्ही खुडलात, गोदाबाई. लेकराचं टोपडं मुठीत घेऊन निघालेली बाई माका आणायला गेली नव्हती. ती आपण होऊन पाण्यात गेली."

गोदाबाईनं बोटं पदराखाली घेतली.

"जीव देनारीले पिंड नाई म्हनते, पंत. टोपली रिकामीच होती. म्या भरली. माका खुडता खुडता पाय घसरला म्हनतीन, असं वाटलं. भरली म्हनूनच पोराले धरतीन, हे कुठं ठाऊक होतं!" "आता खरं सांगू त तिचं पानी तुटते. नाई सांगू त पोरगं जाते."

किसनरावांना मान वर करवेना.

"अशा मरणालाही शास्त्रात नारायणबळी सांगितलाय," पंत हलकेच म्हणाले. "तो केला की पिंड पोचतो."

गोदाबाईनं पदराखालची बोटं बाहेर काढली.

"पोचते?" तिनं विचारलं. "मंग म्या पोराले काहून अडकवलं जी?"