पांढऱ्या पोटाचं कोडं

"तपकिरी बूबी. पूर्ण वाढ झालेला. वजन योग्य. सोडायला हरकत नाही," असा निकाल देऊन नाखवाने पिंजरा उचलला.

नाखवा म्हणजे देवगडच्या समुद्रपक्षी केंद्राचा यंत्रमानव. वादळात भरकटलेले पक्षी बरे झाले, की तोच त्यांना होडीने खोल समुद्रात सोडून यायचा. ओहोटी लागली होती, इंजिन घुरघुरत होतं, आणि चार्वी होडीपाशी उभी होती. हा पक्षी तिनेच वाळूतून उचलून आणला होता. त्याच्या छातीचं हाड तिच्या बोटांना टोचलं होतं.

"अरे, तो उपाशी आहे!"

"तपकिरी बूबीचं वजन एवढंच असतं," नाखवा शांतपणे म्हणाला.

यंत्राशी कोण हुज्जत घालणार? चार्वी धावत जाऊन आजोबांना घेऊन आली. आजोबा पक्षीशास्त्रज्ञ (पक्ष्यांचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी हलकेच पंख उलगडला.

"रंगार जाव नको गो. पिसां बघ. कशी दिसतत?"

"सगळी सारखी. कापडाच्या एकाच ठाणातून कापल्यासारखी."

"मोठ्या पक्ष्याची अशी नसतत."

मोठ्या पक्ष्यांचा पिसेबदल (जुनी पिसं झडून नवी येणं) टप्प्याटप्प्याने होतो. सगळी एकदम झडली तर बिचारे उडणार कसे? म्हणून त्यांच्या पंखात काही पिसं विटकी, तर काही नवीकोरी असतात. पिल्लाची पहिली पिसं मात्र एकदमच उगवतात.

"म्हणजे हे पिल्लू आहे!" चार्वी ओरडली आणि लगेच अडखळली. "पण आजो, तपकिरी बूबीच्या पिल्लाचं पोट मळकट असतं ना? याचं तर पांढरंशुभ्र आहे."

"मगे?"

"मग हा तपकिरी बूबी नाहीच!"

"शाबास! मुखवटेवालो बूबी ही दुसरी जात आसात, तर मानेर पांढरी पट्टी आसाक होयी."

पण मानेवर समुद्रातलं डांबर चिकटलं होतं. चार्वीने खोबरेल तेल आणलं आणि ती मान पुसू लागली. पक्ष्याने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने हात काढला नाही.

"ओहोटी कोणासाठी थांबत नाही," नाखवा म्हणाला.

"तू थांब!"

काळा थर निघाला. खाली पांढरी पट्टी होती.

नाखवाचे डोळे लुकलुकले. "मुखवटेवाला बूबी. पिल्लू. ही जात मोठ्या चणीची आहे. तिच्या मानाने हे वजन धोकादायक कमी आहे. सोडलं असतं तर बुडालं असतं." मग तो म्हणाला, "मला शिकवताना सगळे फोटो मोठ्या पक्ष्यांचे दाखवले होते. पिल्लांचे फोटो कोणी काढतच नाही."

चार्वीला त्याचा राग आला होता, तो कुठल्या कुठे पळाला. तिने पक्ष्यापुढे तारली मासळी धरली. त्याने ती झिडकारली. दुसरीही झिडकारली. तिसरी मात्र त्याने चोचीत पकडली, मान उंचावली आणि गिळली. मासा गळ्यातून खाली उतरताना स्पष्ट दिसला.

"नाखवा, आता काढ फोटो," चार्वी म्हणाली.

नाखवाने आधी होडीचं इंजिन बंद केलं.