माप घ्यायला येते

आधीच सांगते. ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या घरात हे घडलंय, आणि शेवटचं तर माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. इथे तसलं काही नाही. रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली गॅरेजवाला कुणाच्या तरी गाडीचा पत्रा ठोकत बसला होता.

खरं तर तेच जास्त वाईट. अंधारात काही दिसलं तर भास झाला असं म्हणता तरी येतं.

वहिनी गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला... "म्हणजे दिवसभर खेळायचं आणि पगार घ्यायचा?" वहिनी हसून "हो" म्हणायची. कुणाकुणाला समजावणार? तिचं काम भाषेचं. गेममधली पात्रं मराठी माणसासारखी बोलतात की नाही, हे हेडफोन लावून ऐकायचं आणि चुकेल तिथे सुधारायचं.

हा नवा गेम म्हणजे एक गल्ली. तुम्ही तिथे नवे भाडेकरू. पाववाला, पोस्टमन, शिंपीण हे तुमचे शेजारी. जुन्या गेममधली पात्रं म्हणजे निव्वळ पोपटपंची. ठरलेली चार वाक्यं. कितीही वेळा भेटा, पुन्हा तेच. इथली पात्रं एआयवर चालायची. त्यांची वाक्यं कुणी लिहून दिलेली नव्हती. ती स्वतः ऐकायची, स्वतः बोलायची, लक्षात ठेवायची. तुम्ही उद्धटपणे बोललात तर दुसऱ्या दिवशी तोंड फिरवायची.

त्यांच्या टीमच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे टकलू म्हणायचे. हुशार माणूस. पण एकदा बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही.

"माणसं शब्द देतात आणि विसरतात," तो म्हणायचा. "आपली पात्रं विसरणार नाहीत. बोलली की करणार. काहीही करून करणार. बघालच तुम्ही, लोक खरे शेजारी सोडून आपल्या गल्लीत राहायला येतील."

आणि तसं होतही होतं. पाववाला एका टेस्टरला म्हणाला, "उद्या तुझ्यासाठी गरम पाव राखून ठेवतो." दुसऱ्या दिवशी खरंच ठेवला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. वहिनीने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. इतकी खूश झालेली मी तिला कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

शिंपीण तिची लाडकी. "शिंप्याचा उद्या कधी उजाडत नाही म्हणतात," वहिनी मला म्हणाली होती. "पण ही बया सांगितल्या दिवशी कपडे देते गं. हिला आपल्याकडे धाडून द्यायला हवं."

हे ती गमतीने म्हणाली होती.

शिंपिणीचं एकच बोलणं वहिनीला खटकायचं. गप्पा संपवून निघाली की ती म्हणायची... "बरं, जाते."

आपण असं म्हणतो का? कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतं. जातं ते मेलेलं माणूस. लहानपणी चुकून 'जाते' तोंडातून गेलं, तर आई दारातून मागे बोलवायची आणि 'येते' म्हणायला लावूनच सोडायची. वहिनीने सुधारणा लिहून दिली. एकट्या शिंपिणीसाठी नाही, अख्ख्या गल्लीसाठी. निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं.

त्यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

टकलूने तर पाठ थोपटली. "यातच भाषेचा जीव आहे," म्हणाला.

तर तो रविवार. गुंडीने हट्ट धरला होता. गुंडी म्हणजे माझी भाची, वहिनीची एकुलती एक. दुसरीत आहे. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढी होती, म्हणून ते नाव पडलं ते पडलंच. वहिनीने तिला कॉम्प्युटरवर गल्ली उघडून दिली आणि स्वतः बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली. तिथून तिला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"काकू, माझा फ्रॉक काखेत उसवलाय."

"अगं बाई! दे, टाका घालून देते. आणि एक नवाही शिवू. आधी माप घ्यायला येते हं."

"कधी?"

"ही काय, निघालेच."

वहिनी ओले हात पुसत आत आली. स्क्रीनवर शिंपिणीचं दुकान दिसत होतं. मशीनवर कापड तसंच होतं. सुई कापडात रुतलेली. डोक्यावर पंखा फिरत होता...

शिंपीण नव्हती.

"आई, काकू आली की मला उठव हं," गुंडी म्हणाली आणि जाऊन झोपली. वहिनी हसली. पोरीच्या बोलण्याचं कुणाला काय वाटणार?

सोमवारी ऑफिसात टेस्टर लोकांची ओरड. शिंपिणीचं दुकान उघडं आहे, बाई बेपत्ता. टकलू जेवण सोडून शोधत बसला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली.

"कुणी काढली नाही. पुसली नाही. बिघाडही नाही," तो म्हणाला. "नुसती नाहीये."

मग कुणाला तरी सुचलं, पाववाल्याला विचारू या. विचारलं.

"ती होय? माप घ्यायला गेलीय," पाववाला म्हणाला. "बाहेर."

सगळे हसले. कारण त्या गल्लीला बाहेर असं काही नव्हतंच. दोन्ही टोकांना भिंत. त्यापुढे कुणी काही बनवलेलंच नव्हतं.

वहिनी हसली नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पर्स उचलली आणि ती तशीच घरी निघाली.

घरी दादा होता. स्वयंपाकघरात चहा टाकत होता. "आज लवकर?" म्हणाला. "गुंडी आत खेळतेय. शहाण्यासारखी. आवाज नाही की काही नाही."

पण आवाज होता.

आतल्या खोलीतून येत होता...

खट... खट... खट... खट...

पायाने मारायच्या शिलाई मशीनचा. त्या घरात शिलाई मशीन कधीच नव्हतं.

वहिनीने दार ढकललं. आवाज थांबला.

गुंडी खोलीच्या मधोमध उभी होती. एकटी. दोन्ही हात बाजूंना पसरलेले, हनुवटी वर. माप देताना उभं राहतात तशी. मग ती सावकाश वळली. स्वतःहून नाही. कुणीतरी खांद्याला धरून वळवल्यासारखी.

"गुंडे... काय करतेस?"

"हलू नको म्हणालीय," गुंडी ओठ न हलवता म्हणाली.

 वहिनीने पोरीला उचललं, उराशी धरलं. तेव्हा तिला दिसलं. फ्रॉकच्या खांद्यावर निळ्या खडूची रेघ होती. आणि काखेतली उसवण... शिवलेली होती. बारीक, एकसारखे टाके. शेवटी गाठ.

"तूच शिवलं असशील आणि विसरली असशील," दादा म्हणाला. वहिनीला साधा सुईत दोरा ओवता येत नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं. 

मेलेल्या माणसाचं भूत होतं, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण जे कधी जन्मलंच नाही, त्याचं काय? त्याला घालवायचं कसं? कुठे पाठवायचं?

दुसऱ्या दिवशी वहिनीने टकलूला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने तिचा चेहरा बघितला. तिच्यासमोर त्याने ती सुधारणा काढून टाकली. गल्ली पुन्हा चालू केली. पोस्टमनने पत्र दिलं, सायकल वळवली आणि म्हणाला... "येतो."

"शिकवता येतं हो," टकलू हळूच म्हणाला. "शिकलेलं विसरायला लावणं मलाच नीट जमत नाही."

"मग तिला काढून टाका. कायमची."

"कुठून काढू? आत असती तर काढली असती ना."

बोलता बोलता त्याचं लक्ष दुकानाकडे गेलं. वहिनीचंही. खुंटीला एक कापड लटकत होतं. पिवळं. लहानशा मापाचं बेतलेलं. काल ते तिथे नव्हतं.

त्यानंतर ते रोज वाढत गेलं. दुकानात कुणी नसायचं, मशीन स्थिर असायचं, पण फ्रॉक पुढे सरकलेला असायचा. आज कॉलर. उद्या एक बाही. मग दुसरी. मग घेराला दुमड. आणि घरी, अधूनमधून, भर दुपारी... खट, खट. वहिनी धावत आत जायची. गुंडी हात पसरून उभी.

वहिनीचं जेवण तुटलं. ती ऑफिसात बसून त्या रिकाम्या दुकानाकडे बघत राहायची. रजा घ्यायची तरी सोय नव्हती. फ्रॉक कुठवर आलाय हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि बघितलं की गुंडी घरी आहे ना, हे विचारायला ती दादाला फोन लावायची.

शेवटी ती स्वतः भाडेकरू होऊन गल्लीत गेली. दुकानासमोर उभी राहिली. ऑफिसात आजूबाजूला लोक कामं करत होते आणि ती माइकवर रडत होती.

"बाई, नको आम्हाला फ्रॉक. माझ्या पोरीला सोडा. मी चुकले. जा तुम्ही. 'जाते' म्हणा आणि जा."

 शेजारच्या दुकानातून पाववाला पिठाचे हात पुसत बाहेर आला. चांगला माणूस. त्याला तसाच बनवला होता.

"घाबरताय कशाला, ताई? छान झालाय फ्रॉक. काजंसुद्धा करून झाली. आता घालून बघायला गिऱ्हाईकालाच यावं लागणार, नाही का?"

"ती नाही येणार!"

पाववाला मायेने हसला.

"बाकी सगळं झालंय हो. आता गुंडी तेवढी राहिली."

वहिनीने हेडफोन काढून फेकला. सगळं ऑफिस तिच्याकडे बघत होतं. बटणाला गुंडी म्हणतात, हे तिनेच कधीतरी त्या पात्रांना शिकवलं होतं. पण पाववाला बटणाबद्दल बोलत नव्हता.

त्याच दिवशी ती आणि दादा गुंडीला घेऊन माझ्याकडे आले. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. टीव्हीची वायर मी काढून ठेवली. फोन बंद करून कपाटात टाकला. कंपनीने गल्ली बंद केली. टकलू स्वतः येऊन सांगून गेला. "सगळं बंद केलंय," म्हणाला. पाणीसुद्धा न पिता निघाला. दारात त्याच्या ओठांवर 'येतो' आलं होतं... त्याने ते गिळलं आणि तसाच जिना उतरला.

आम्हाला वाटलं, सुटलो.

दोन दिवस गुंडी चांगली होती. हसली, खेळली, माझ्या पोळ्यांना नावं ठेवली. आज सकाळी मी ओट्यापाशी होते. ती स्वतःच उठली. तोंड धुतलं. केस विंचरले. बूट घातले. वहिनीला जाग आली तेव्हा ती दारापाशी पोचली होती. दोन्ही हात मागे धरून, पाहुण्यांकडे निघालेल्या मुलीसारखी.

"आत्या, जाते हं."

माझ्या हातातलं लाटणं पडलं.

वहिनी धावत आली. गुडघ्यांवर बसली. पोरीचे दोन्ही दंड तिने घट्ट धरले.

"असं नाही म्हणायचं, बाळा. येते म्हण. येते म्हण ना, गुंडे. एकदाच म्हण!"

गुंडीने आईकडे पाहिलं. मग तिच्या गालांवरून हळूच हात फिरवला. डोळे पुसले.

"खोटं कसं बोलू, आई?" ती म्हणाली. "काकू म्हणते, बोललं की करावंच लागतं."

आता दुपार झालीय. बाहेर लख्ख ऊन आहे. दाराला आतून कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या मुठीत आहे. दादा डॉक्टरांना आणायला गेलाय. वहिनी आतल्या खोलीत पोरीचं मनगट धरून बसलीय. मी बाहेर बसून हे लिहितेय, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नाहीये.

सकाळपासून आत मधूनमधून मशीन चालतंय. खट खट सुरू झालं की मी लिहायचं थांबते. आवाज थांबला की पुन्हा लिहिते.

आता बराच वेळ झाला... आवाज आलेला नाही.