शिडाच्या बोटीतली शेगडी

"गुन्हा मी केलाय का, तेवढं शोधून द्या," ती म्हणाली.

शंकाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. लोक त्यांच्याकडे दुसऱ्याचा गुन्हा शोधायला येत. स्वतःचा शोधून द्या म्हणणारी ही पहिलीच.

बाईंची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी जळिताच्या केसेस तपासण्यात गेली होती. हे टोपणनाव तिथलंच. आता त्या खासगी तपास करत आणि शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर त्यांच्याबरोबर हिंडत. मास्तरांना दिसायचं सगळं, कळायचं मात्र सावकाश.

आलेली बाई अत्तरवाल्यांची थोरली सून. सासऱ्यांनी हौसेने शिडाची बोट घेतली होती, तिच्यात स्वयंपाकासाठी प्रोपेनची टाकी आणि शेगडी बसवून घेतली होती. पहिल्याच सफरीच्या सकाळी, बोट धक्क्यावरून सुटण्याआधीच, केबिनमध्ये भडका उडाला.

"मी शेगडी पुसली, बटण बंद केलं आणि धक्क्यावर सामान आणायला गेले. वारा होता म्हणून केबिनचं दार ओढून घेतलं. नंतर बाबा चहा करायला आत उतरले. काडी ओढली आणि..." ती थांबली. "ह्यांनी आत उडी मारून बाबांना बाहेर काढलं. बाबांच्या नुसत्या भुवया जळाल्या. ह्यांचे दोन्ही हात, दोन्ही पाय भाजलेत."

"आणि बटण तुम्ही उघडं ठेवलं, असं म्हणतं कोण?"

"बाबा. आधी मला खात्री होती बंद केल्याची. आता राहिली नाही. हॉस्पिटलात ह्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते हो. माझाच दोष निघाला तर मी माहेरी जाईन. पण एकदा नक्की कळू दे."

"नवरा काय म्हणतो?"

"काहीच नाही." तिने डोळे पुसले. "घरात काय मान होता मला! मध्यंतरी बाबा तापाने आजारी होते. त्यातून उठल्यापासून रोज मला शेजारी बसवून अत्तरं हुंगायला द्यायचे. कशात काय कमी, काय जास्त, ते मी सांगायचं. धाकटे भाऊजी चिडवायचे, बाबांनी वारस नेमला म्हणून."

बोटीवर टाकी आणि शेगडी बसवणारा फिटर वाट बघत होता. त्याची पाचावर धारण बसली होती.

"बाई, माझ्या कामात खोट नाही. बघा ना." बोटीच्या मागच्या टोकाला वरून झाकणाची पेटी होती. आत टाकी पट्ट्याने आवळलेली. पेटीच्या तळातून एक पाइप थेट बोटीबाहेर, पाण्याच्या वर उघडत होता. "प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर खाली जातो. म्हणून पेटीला केबिनकडे फट नाही, हा पाइप त्याला बाहेर सोडतो. शेगडीपर्यंत नळी अखंड. सांधे दोनच, एक पेटीत, एक शेगडीपाशी."

"तपासले कसे?"

"साबणाच्या फेसाने. बुडबुडा आला की गळती. मग नट आणि नळी दोन्हींवर मिळून एक लाल रेघ ओढतो. सगळीकडे माझी हीच पद्धत."

पेटीतली लाल रेघ सरळ होती. केबिनमध्ये मास्तर वाकून म्हणाले, "इथली रेघ मोडलीय. अर्धी नटावर एका बाजूला, अर्धी नळीवर दुसरीकडे. हात हलला असेल ह्याचा."

शेगडी बोटीबरोबर झुलेल अशी टांगलेली होती, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. तिच्या शेजारी फळीवर स्क्रूची चार रिकामी भोकं होती.

"मी इथे बसवली होती!" फिटर ओरडला. "ही सरकवली कुणी?"

बाईंच्या सांगण्यावरून त्याने टाकी सोडवून नळीत पंपाने हवा भरली. पेटीतल्या सांध्यावर फेस शांत राहिला. शेगडीपाशी तो फुगायला लागला.

धाकटा दीर धक्क्यावर दोर गुंडाळत होता.

"शेगडी कुणी हलवली?"

"कपाटाला घासत होती." एवढं बोलून तो पुन्हा दोर गुंडाळायला लागला.

"हलवल्यावर सांधा तपासला?"

"तपासला की. आमच्या घरात साबणबिबण लागत नाही, नाक पुरतं," तो म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "मला आणखी विचारू नका."

सासरे घरी बाटल्यांच्या रांगेत बसले होते. भुवया नसल्यामुळे चेहरा सतत चकित दिसत होता.

"सून वाईट नाही," ते म्हणाले. "हलगर्जी आहे, इतकंच."

"आत गेल्यावर वास नाही आला?"

"प्रोपेन जड असतो, बाई. तळाशी साचतो. उभ्या माणसाला वास यायचा कसा?"

"चहाचा डबा कुठे असतो?"

"अगदी तळाच्या खणात. बोट हलली तरी पडत नाही. खाली बसून काढावा लागतो, तसाच काढला."

मास्तर नाकाला रुमाल लावून चुळबुळत होते. तेवढ्यात अंगणातून सून धावत आत गेली. "अगं बाई, दूध!"

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

बाई उठल्या. "फिटरला आणि धाकट्या चिरंजीवांना बोलवा. बोलणं सगळ्यांसमोरच व्हायला हवं."

सगळे जमल्यावर त्या म्हणाल्या, "गॅस कुठून आला, हे फिटरची मोडलेली रेघ सांगते. त्याच्यानंतर कुणीतरी नट सोडवून शेगडी सरकवली आणि पुन्हा आवळला. फेस फुगतो तो तिथेच. स्वयंपाकासाठी टाकीचा व्हॉल्व्ह उघडून ठेवलेला होता, दार बंद होतं, गॅस तळाशी साचत गेला. ह्यात बटणाचा संबंध नाही."

"म्हणजे धाकट्याने?" मास्तर म्हणाले.

"धाकटा स्वतःला वाचवत नव्हता, मास्तर. एवढी मान खाली माणूस बापासाठीच घालतो. आणि ह्या घरात सांधा पास करणारं नाक कुणाचं? पण खरा प्रश्न वेगळाच आहे. बटण उघडं राहो की सांधा गळो, प्रोपेनला मुद्दाम घाण वास घातलेला असतो. हा गृहस्थ बंद केबिनमध्ये खाली बसून, गॅसमध्ये तोंड घालून डबा काढतो आणि उठून काडी ओढतो. मघाशी दूध करपलं, मास्तरांनी रुमाल काढला, ह्यांना पत्ता नाही. तापानंतर अत्तरं दुसऱ्याकडून हुंगवून घ्यावी लागतात. बाबा, तुम्हाला वास येत नाही."

सासऱ्यांनी समोरची बाटली उचलली आणि परत ठेवली.

"अत्तरवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर दारात कोण उभं राहील?" ते हळू म्हणाले. "सांध्याला नाक लावलं, काही आलं नाही. धाकट्याला सांगितलं, ठीक आहे. लाज वाटली हो खरं सांगायची."

"तोवर ती नुसती चूक होती," बाई म्हणाल्या. "पण मुलगा पट्ट्यांत गुंडाळलेला बघूनही तुम्ही हिच्याकडे बोट दाखवलंत."

सून सासऱ्यांकडे बघत होती.

"म्हणजे तुम्ही मला शिकवत नव्हतात," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फिटरलाही कुठे बघावं कळेना. तो निर्दोष सुटला होता, तरी त्याची मान खालीच होती.

"थोरल्याला तू सांग," सासरे म्हणाले. "माझ्याने होणार नाही."

"नाही बाबा. ते तुम्हीच सांगायचं."

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत म्हातारा एकटा आत गेला. बाहेर बाकावर सून, शंकाबाई आणि मास्तर बसले. आधी पुटपुटणं ऐकू आलं, मग एक हुंदका. दार उघडून सासरे बाहेर आले आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेले.

आतून नवऱ्याची हाक आली. "अगं, आत ये ना."

"बोलावतोय तो," मास्तर म्हणाले. "जा की."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी होतं ह्यांनी, बटण बंद केलं होतंस का म्हणून."

आतून पुन्हा हाक आली. मास्तर उठायला लागले, तेव्हा शंकाबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

ती बाकावरून उठली नाही.