चार पानांची शिफारस

त्यांची ओळख झाली ती चक्क फैलावर घेतल्यामुळे. प्रयोगशाळेत शिरताना प्रत्येकाने आपापला बिल्ला छातीला लावायचा, अंगावर किरणोत्सर्ग किती पडला ते महिनाअखेर त्या बिल्ल्यावरून कळतं. हिने घाईघाईत भलत्याचाच बिल्ला उचलला, आणि त्या भल्या माणसाने हिचा! महिनाभर दोघं तसेच हिंडले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोघांना उभं करून असं काही झापलं की विचारू नका.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमच्या खरंच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं की... दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं नाव छातीशी होतं. बरं वाटत होतं..."

आणि याला म्हणे सगळे 'मौनीबाबा' म्हणायचे! ती कानापर्यंत लाल झाली.

तिथून चहा सुरू झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं. भुरभुर पावसात कॅन्टीनच्या पत्र्याखाली तो तिची ओली ओढणी खुर्चीवर नीट पसरून ठेवायचा, आणि ती त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून बघत बसायची. एकच गोष्ट तिला छळायची. प्रयोगाचा डिटेक्टर याने पाच वर्षं खपून बांधलेला, आणि शोधनिबंधावर याचं नाव शेपटाला! पहिलं नाव विभागप्रमुखांच्या लाडक्याचं.

"तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

"डिटेक्टरला माहीत आहे ना कोणी बांधला ते... बास."

बास काय बास! अणुभौतिकी मंडळाची फेलोशिप चाळिशीच्या आतल्यांनाच मिळायची, आणि याला चाळिशी लागायला सात महिने उरले होते. स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, सहकाऱ्याने सुचवावं लागतं. लाडक्याचं नाव सुचवायला रांग लागली होती. हिने मौनीबाबाचं सुचवलं. तीन रविवार बसून चार पानं लिहिली, त्यात 'मेहनती' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही, कारण ज्याचं काम कळत नाही त्यालाच लोक मेहनती म्हणतात. खाली 'उमेदवाराशी नातं नाही' म्हणून सही केली. नियम दोनच होते. निकाल लागेपर्यंत उमेदवाराला याचा सुगावा लागता कामा नये, आणि सुचवणाऱ्याचं त्याच्याशी घरचं नातं नको, ठरलेलं लग्नसुद्धा नको. नाहीतर नाव बाद.

आणि नेमकं पुढच्याच आठवड्यात, यंत्राभोवती शिशाच्या विटा रचता रचता, त्याने विचारलं.

"ऐक ना... लग्न करशील माझ्याशी?"

तिच्या हातातली वीट तिथेच राहिली. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण हो म्हटलं की मंडळाला कळवणं आलं, कारण खोट्या सहीवर गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि थांब म्हणावं, तर तो विचारणार, कशासाठी?

"नको विचारूस," ती म्हणाली.

"आत्ता नको, की...?"

"विचारूच नकोस रे!"

उरलेल्या विटा त्याने एकट्याने रचल्या. महिन्याभरात रजा टाकून घरी गेला, आला तो चेहरा पाडून. ती रोज कॅलेंडर बघत होती.

"अगं वेडे, हातचं सोडून पळत्याच्या मागे कसली लागतेस!" तिची ताई कळवळून म्हणाली. "सांगून टाक त्याला."

"तीनच महिने गं, ताई. त्याचं नाव एकदा तरी वर येऊ दे."

निकाल लागला. नाव आलं, सगळ्यात वर! विजेत्याला शिफारस वाचायला देतात. तो चारही पानं घेऊन तिच्या खोलीत आला, तेव्हा ती आनंदाने उठूनच उभी राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"हो. आणि त्या दिवशी मी... अरे, नियम होता. हो म्हटलं असतं तर नाव बाद झालं असतं. आता म्हणते. हो! हजारदा हो!"

तो खुर्चीत बसला.

"मी आईला होकार दिला गं," तो म्हणाला. "तिने बघितलेल्या मुलीला. पुढच्या महिन्यात लग्न आहे. ती पोर माझ्यासाठी नोकरी सोडून इकडे यायला निघालीय."

"ते लग्न मोडता..." ती अर्ध्यावर थांबली.

"माझ्याबद्दल इतकं लिहिलंस," तो पानं पुढे करत म्हणाला, "इतकं कुणी ओळखलं नाही मला. मग हे नाही ओळखलंस, की मला काय हवं होतं? एकदा विचारायचंस तरी... मी तुलाच निवडलं असतं."

तिला हुंदका आवरेना. त्याने हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला.

"नाही म्हणून कळवतो त्यांना," तो म्हणाला. "नको मला हे."

"खबरदार!" ती डोळे पुसत ओरडली. "घ्यायचं ते. मी दिलेलं एवढंच आहे तुझ्याकडे."

त्याने स्वीकारपत्रावर तिच्यासमोर सही केली, आणि तिचंच पेन तिच्या हातात देऊन तो गेला.