सहावं छिद्र

रात्र नव्हती. हे आधीच सांगते, म्हणजे "अंधारात भास झाला असेल" म्हणायची सोय उरणार नाही.

सोमवार होता. संग्रहालयाची सुट्टी. दुपारचे तीन. दुसऱ्या मजल्यावरचं दुसरं दालन, सगळे दिवे चालू. जे घडलं ते मी शुद्धीत पाहिलंय.

प्रदर्शन होतं हेरांच्या मनगटी घड्याळांचं. हेरकथांतली आणि हेरपटांतली. एकूण एकतीस. कशात कॅमेरा, कशात विषाची सुई. सिनेमातली बहुतेक आतून पोकळ. काटे चिकटवलेले, सगळ्यांचे दहा वाजून दहा मिनिटांवर. दुकानातसुद्धा तसेच ठेवतात, घड्याळ हसतंय असं वाटतं.

पाट्या लिहायचं काम माझं.

पाटी क्र. १७, पहिला मसुदा:
*गळफासाचं घड्याळ. चावी ओढली की तार बाहेर येते. बनवणारे, आणि पडद्यावर दिसणारा हात:*

पुढे माझ्या बाबांचं नाव होतं.

बाबा स्टुडिओच्या कारखान्यात अशा खोट्या वस्तू बनवायचे. हे घड्याळ ज्या सिनेमातलं, त्याच्या नायकाचा हात थरथरायचा. तार ओढायचं जवळून घेतलेलं दृश्य काही जमेना. शेवटी दिग्दर्शक वैतागला, "अहो, तुम्हीच घाला बघू!"

नायकाचं मनगट जाड. बाबांचं काडीसारखं. पट्ट्याला पाच छिद्रं होती. बाबांनी आरीने सहावं पाडलं.

जरासं वाकडं.

टीव्हीवर तो सिनेमा लागला की बाबा हात पुढे करायचे. "बघ, आलो मी!"

आई म्हणायची, "आला तुमचा हात. आता जेवायला पण येऊ दे."

बाबांचा चेहरा पडद्यावर कधीच आला नाही. नावही नाही. ते गेले तेव्हा मी ठरवलं होतं... एक पाटी. एका ओळीची. एवढं तरी मी करीन.

घड्याळ होतं नायकाच्या मुलाकडे. सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणायचे, वय पासष्ट. त्यांनी ते आम्हाला उसनं दिलं, अट एकच: पाटी त्यांना दाखवायची.

पाटी वाचून त्यांनी चष्मा काढला.

"माझे वडील हातसुद्धा दुसऱ्याचा वापरायचे, असं लिहायचंय तुम्हाला?"

"सर, तो हात खरंच..."

"पुरावा?"

"सहावं छिद्र आहे ना. पत्रकात नोंद केलीये मी."

वस्तू आली की आम्ही तपासणीपत्रक भरतो. ओरखडा, डाग, जे असेल ते. परत देताना त्याच्याशीच जुळवतात. जे पत्रकात नाही, ते आमच्याकडे आलंच नव्हतं, असा हिशेब.

"माझ्या घड्याळात खोट काढताय? पत्रक बदला. नाहीतर घड्याळ परत द्या."

बाहेर संचालक मॅडमनी मला बाजूला घेतलं. "अगं, पोस्टरवर तेच घड्याळ आहे. बाबांचं आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"आता तू पण ना!"

पाटी क्र. १७, दुसरा मसुदा:
*गळफासाचं घड्याळ. नायकाने स्वतः वापरलेलं.*

आणि नवं पत्रक. *पट्ट्याची छिद्रं: पाच.*

खाली माझी सही. कुणी हात धरून करून घेतली नाही. नोकरीही जाणार नव्हती. फार तर मॅडम महिनाभर फुगून बसल्या असत्या.

आता तो सोमवार.

घड्याळ मी मांडणीच्या गोल कड्यावर, मनगटावर घालावं तसं, उभं चढवलं. बक्कल तिसऱ्या छिद्रात. काचपेटीला कुलूप. पाटी चिकटवायला खाली वाकले...

टक. टक.

काचेवर नख वाजवल्यासारखं.

बाबा एखादी वस्तू पुरी झाली की तिच्यावर नखाने दोनदा वाजवायचे. "झालं."

मी वर पाहिलं.

बक्कल सहाव्या छिद्रात होतं.

कडं बाजूला पडलं होतं. घड्याळ मात्र उभंच होतं... कशावर, ते दिसत नव्हतं. पट्टा गोल आवळलेला. मध्ये काहीच नाही. एका काडीसारख्या मनगटाएवढं काहीच नाही.

पहारेकरी मामांना हाक मारली. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

"माझी किल्ली ही काय, कमरेला," ते म्हणाले. मग पेटीत बघून, "ताई, एवढं घट्ट कशाला बांधलंत? कुणाच्या मापाचं आहे हे?"

मी पेटी उघडली. त्या पोकळीत बोट घातलं.

कोमट होतं.

मामा पाणी आणायला गेले. मी एकटी. तेव्हा मी जे बोलले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"बाबा, सही झालीये. आता काही होणार नाही. सोडा ना."

सगळं शांत. पंख्याचा आवाजही येईना. मग...

टक.

एकदाच. मी दुसऱ्या टकची वाट पाहत राहिले.

ती आली नाही.

पट्टा सैल होऊन घड्याळ आडवं पडलं. उचललं तर गार. छिद्रं मोजली. पाच.

पुन्हा मोजली. नखाने चाचपली. सहाव्याच्या जागी सपाट, जुनं, अखंड चामडं. चामड्याला पडलेलं भोक भरून येतं का कधी?

प्रदर्शन जोरात झालं. दोन महिन्यांनी घड्याळ परत गेलं. धाकट्या साहेबांनी स्वतः भिंग लावून घड्याळ पत्रकाशी जुळवलं. एका शब्दाचा फरक नाही. "चोख काम करता हो तुम्ही," म्हणाले.

मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात टीव्हीवर तो सिनेमा लागला. आईने हौसेने हाक मारली, "ये गं लवकर, बाबांचा हात येईल आता!"

मी दारातच थांबले.

चावी ओढली गेली. तार निघाली. हात पडदाभर झाला. आई पुढे झुकली. चष्मा पुसून परत घातला.

"अगं... हा त्यांचा हात नाही."

जाड मनगट होतं. किंचित थरथरत होतं. पट्टा तिसऱ्या छिद्रात.

आईने टीव्ही बंद केला. माझ्याकडे वळली.

"तू काही केलंस का गं?"

मी उत्तर दिलेलं नाही. तिनेही परत विचारलेलं नाही. जेवताना ताट वाढते, बोलत नाही.

अजूनही सोमवारी दुपारी तीनला मी दुसऱ्या दालनात जाऊन उभी राहते. तिथे आता नाणी मांडलीयेत. मामा विचारत नाहीत.

एक टक झाली होती.

दुसरी राहिलीये...