सुंठीची साक्ष

‘पारगाव’ यानाच्या प्राणिवर्तन प्रयोगशाळेत गेले काही आठवडे एकच उद्योग चालला होता. सुंठी नावाच्या एका मांजरीला कुत्र्याची भीती घालायची. अडचण एवढीच, की कुत्रा कसा असतो हे यानावर धड कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रवासाच्या सुरुवातीलाच एका सौरवादळानं यानाचा स्मृतिकोष जाळला होता. पृथ्वीवरची सगळी चित्रं, चित्रफिती, आवाज त्यात गेले. संदेश झेलणारी तबकडीही गेली, तेव्हा पृथ्वीकडून पुन्हा मागवण्याची सोय उरली नाही. माणसांसोबत जिवंत आली ती फक्त मांजरं. घोडा, कुत्रा, चिमणी हे नुसते शब्द राहिले. यानावर जन्मलेली मुलं ते शब्द पाठ करत, आणि चित्र काढायला सांगितलं की घोड्यालाही मिशा काढत. त्यांना तरी काय दोष द्यायचा!

कुत्र्याला हात लावलेला माणूस एकच उरला होता, सोपानआप्पा लोखंडे. यानात चढले तेव्हा ते सात वर्षांचे होते. माणदेशात त्यांच्या वडिलांची मेंढरं होती आणि मेंढरांमागे भुऱ्या नावाचा कुत्रा. न्यायला आलेल्या गाडीमागे भुऱ्या धावत सुटला, तेव्हा आई म्हणाली, त्याला बसायला सांग. सोपाननं ओरडून सांगितलं, “बस, आलोच मी!” भुऱ्या रस्त्यातच बसला. गाडी वळेपर्यंत तो तसाच बसलेला दिसत होता.

एवढं आयुष्य गेलं, लग्न झालं, बायको गेली, तरी आप्पांच्या मनातून ते बसणं गेलं नाही. आता वयामुळे भुऱ्याचा चेहरा मात्र पुसट होत चालला होता आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा. वर्तनशास्त्रज्ञ डॉ. ऋजुता बेलसरे हिच्याकडे ते स्वतःच चालत आले होते.

“एकदा त्येचं तोंड दाव, पोरी,” ते म्हणाले होते. “त्यो माज्यावर रागावला का न्हाई, तेवढं मला बगायचंय. तोंड बगितलं की कळंल मला.”

ऋजुता तशी कडक बाई. पुराव्याशिवाय ती चहा गोड आहे असंही म्हणत नसे. पण त्या दिवशी तिला नाही म्हणवलं नाही.

“मग आप्पांनाच विचारून करू की,” फिरोज तांबोळी म्हणाला होता. तो छायाशिल्पी, म्हणजे प्रकाशाच्या हलत्या मूर्ती घडवणारा. “मांजर कशाला मध्ये?”

“विचारून बघितलंस ना? कान कसे होते म्हणाले?”

“आधी उभे. मग पडलेले. परवा म्हणाले, एक उभा आणि एक पडलेला.”

“तेच. माणसाची आठवण प्रत्येक वेळी बाहेर काढली की थोडी बदलते. त्यात आप्पांचं प्रेम, म्हणजे बघायलाच नको. मांजरीचं तसं नाही. तिच्याकडे आठवण नाहीच, जातिस्मृती आहे.”

“म्हणजे?”

“पूर्वजांनी भोगलेलं जे अंगातच उतरतं ते. सुंठीनं कुत्रा पाहिलेला नाही, तिच्या आईनं नाही, आजीनंही नाही. पण सरपटणारी दोरी दिसली की पंजा मारून ती उलटी उडी घेते, तो साप. छताजवळ काही फडफडलं की दात वाजवते, तो पक्षी. बारीक काही पळालं की पोट जमिनीला लावते, तो उंदीर. प्रत्येक प्राण्यासाठी तिची वेगळी तऱ्हा आहे. आणि एक तऱ्हा अशी आहे, की ती आडवी उभी राहते, पाठीची कमान करते, अंगावरचा केस न् केस फुलवते आणि फिस्कारते. समोरच्याला आपण दुप्पट दिसावं म्हणून. ही सगळी तयारी कोणासाठी असेल?”

फिरोजच्या डोळ्यांत चमक आली. “म्हणजे मी मूर्ती बदलत जायची आणि ती कमान करेल तिथे थांबायचं!”

तसंच त्यांनी केलं. आधी चार पायांचा एक धूसर ठोकळा. मग यंत्र त्यात बारीक बारीक बदल करी, आणि सुंठीचे केस, कान, छातीची धडधड मोजून कोणता बदल ठेवायचा ते ठरवी. तोंड लांबलं तशी सुंठी ताठ झाली. सुळे आले, तशी मागे सरली. आवाजाचंही तेच, खोल गुरगुर लागली तेव्हा ती पहिल्यांदा फिस्कारली. मांजरीला रंग धड दिसत नाहीत, म्हणून तेवढा आप्पांच्या शब्दावर भुरा दिला. चाल, नजर, झेप, सगळं तिनंच घडवलं.

शेपटीवर मात्र दोघांचं अडलं. शेपूट स्थिर ठेवली तर सुंठी नुसती टक लावून बघे. डावीउजवीकडे जोरात हलवली की कपाटावर पळे.

“साहजिक आहे,” ऋजुता म्हणाली. “मांजराची शेपूट अशी आपटायला लागली म्हणजे ते संतापलेलं असतं. शेपूट हलली, की पुढे हल्ला. तसंच जोडून टाक.”

फिरोजनं तसं जोडलं. आता कोणी जवळ गेलं की छायाश्वान आधी रोखून बघे, मग गुरगुरे, मग शेपूट हलवून अंगावर झेप घेई. सुंठीनं अशी काही कमान केली की ऋजुतानं आनंदानं टाळी वाजवली.

आप्पांना बोलावणं धाडल्यावर मात्र तिला चूक उमगली. “फिरोज, आपण विचारलं कोणाला? शत्रूला! तिच्या अंगात फक्त भांडणातला कुत्रा आहे. आप्पा विचारणार, रागावलाय का, आणि आपण त्यांना दाखवणार निव्वळ राग.”

“दाखवायचंच नाही मग.”

पण आप्पा दारात उभे होते. धुतलेला सदरा, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. त्यांना परत पाठवणं दोघांनाही जमलं नाही.

“आप्पा, हा तुमचा भुऱ्या नाही बरं,” ऋजुता म्हणाली. “हा मांजरीच्या भीतीतला कुत्रा आहे. लांबूनच बघा.”

“व्हय व्हय,” आप्पा म्हणाले आणि सरळ पुढे निघाले.

छायाश्वानानं मान वळवून त्यांच्यावर नजर रोखली. आप्पा थबकले. गुरगुर सुरू झाली. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“रागावलाच हाय की गं,” ते पुटपुटले. “रागावणारच. म्या आलोच म्हनलो, आन् गेलो.”

फिरोजनं मूर्ती विझवायला कळीकडे हात नेला, तेवढ्यात शेपूट हलू लागली, डावीउजवीकडे, जोरजोरात.

“आरं!” आप्पा ओरडले. “आरं, शेपूट बग! हे इसरलोच हुतो मी!”

छायाश्वानानं झेप घेतली. कपाटावरून सुंठी जिवाच्या आकांतानं फिस्कारली. प्रकाशाचे पंजे आप्पांच्या छातीवर आले आणि आरपार गेले, आणि आप्पा दोन्ही हात पसरून खाली बसले, रिकाम्या हवेला कवटाळून. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते आणि ते हसत होते. “हळू की रं, पाडतोस का मला! घरी आलो की असंच करायचा, पोरी. शेपूट हलवायचा आन् अंगावर उडी!”

फिरोज ऋजुताच्या कानाशी आला. “शेपूट म्हणजे संताप ना?”

“सुंठीचा केस न् केस तेच सांगतोय.”

“आणि आप्पा?”

“त्यांच्या आठवणीतले कान रोज बदलतात. हे तर त्यांना आज, हवं तेव्हाच आठवलं.”

मूर्ती विझली. आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि ऋजुताकडे पाहिलं. “पोरी, तू एवडी शिकलेली. तूच सांग. रागावला न्हाई न्हवं त्यो? शेपूट हलवली म्हंजी खूश झाला न्हवं मला बगून?”

आठवड्यांच्या नोंदी, सगळी मोजमापं, कपाटावर अजून फुललेली ती मांजर, एकूणएक पुरावा विरुद्ध होता.

“खूश झाला, आप्पा,” ती म्हणाली. “कुत्रे खूश झाले की शेपूट हलवतात.”

एवढं धडधडीत खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती.